निळं नक्की कोण?

कॉपर सल्फेट निळं असतं हे शाळेपासून इतक्या वेळा ऐकलेलं असतं की त्यावर शंका घ्यायचं कुणाच्या डोक्यातच येत नाही. पण तोच मोरचुदाचा खडा कोरड्या टेस्ट ट्यूबमध्ये टाका आणि बर्नरवर धरा. थोड्या वेळात ट्यूबच्या वरच्या थंड भागात पाण्याचे थेंब जमायला लागतात आणि खाली उरते पांढरट पावडर. तांबं होतं तेवढंच आहे, सल्फेट होतं तेवढंच आहे, गेलं ते फक्त पाणी, आणि त्याच्याबरोबर रंगही गेला. ट्यूब गार झाल्यावर दोन थेंब पाणी टाकलं की परत निळं, वर ट्यूब हाताला गरम लागते ते वेगळंच. आता निळं नक्की कोण होतं? तांब्याची तार तर लालसर असते. पाणी बिनरंगी. सल्फेट म्हणावं तर मॅग्नेशियम सल्फेट पांढरंशुभ्र. तिघांपैकी कुणीच निळं नाही आणि तिघं एकत्र आले की निळं.

आम्हाला हा प्रश्न कॉलेजात कुणी विचारला नाही. बीएस्सीच्या सॉल्ट ॲनालिसिसमध्ये, म्हणजे दिलेल्या सॉल्टमध्ये काय आहे ते ओळखण्यात, रंगाचं काम एवढंच की रंगीत सॉल्ट वाट्याला आलं तर निम्मी परीक्षा सुटली. निळं म्हणजे कॉपर, गुलाबी म्हणजे कोबाल्ट, हिरवं म्हणजे निकेल, फिकट हिरवं म्हणजे फेरस (लोखंड), आणि पांढरं मिळालं की बसा ग्रुप वनपासून एकेक प्रेसिपिटेट, म्हणजे साका, काढत, किप्स ॲपरेटसच्या त्या सडक्या अंड्यांच्या वासात. रंग बघून बरेचजण आधी कन्फर्मेटरी टेस्ट जर्नलमध्ये लिहून मोकळे व्हायचे आणि मग सवडीने ती करायचे. परवा भाचा आला होता, त्याची बारावी चालू आहे, त्याच्याकडे हाच तक्ता, फक्त आता मोबाईलमध्ये.

"मावशी, निकेल हिरवं, कोबाल्ट गुलाबी, बरोबर ना?"

"निकेलच्या सोल्युशनमध्ये अमोनिया ओतून बघ की."

"मग काय होईल?"

"निळं होईल."

"मग परीक्षेत काय लिहू?"

आता यावर काय बोलणार, परीक्षेत हिरवंच लिही म्हटलं. पण डोक्यात ते राहिलं, कारण त्या तक्त्याबद्दल माझी जुनी तक्रार आहे. तो खोटा नाही, पण तो असं भासवतो की रंग ही धातूची स्वतःची मालमत्ता आहे, ॲटॉमिक नंबरसारखी, कुठेही गेला तरी बरोबर नेणार. तसं नाहीये. रंग ठरतो तो त्या आयनच्या, म्हणजे चार्ज असलेल्या अणूच्या, भोवती कोण बसलंय, किती जण बसलेत आणि कुठल्या आकारात बसलेत यावर. तक्त्यात निकेलपुढे जे हिरवं लिहिलेलं असतं ते सहा पाण्याच्या रेणूंनी वेढलेल्या निकेलचं हिरवं आहे. पाणी हटवून अमोनिया बसवला की गोष्ट वेगळी, आणि डायमिथाइल ग्लायऑक्झिम घातलं तर सरळ गुलाबी-लाल साका खाली बसतो, तीच तर निकेलची कन्फर्मेटरी टेस्ट. म्हणजे एकाच धातूचे हिरवा, निळा, लाल असे तीन रंग एकाच प्रॅक्टिकलमध्ये सगळ्यांच्या डोळ्यांसमोर येऊन जातात आणि तरी तक्त्यात एकच रंग.

कोबाल्ट तर याहून वरचढ. कोबाल्ट क्लोराइडचं पाण्यातलं सोल्युशन गुलाबी, त्यात कॉन्सन्ट्रेटेड हायड्रोक्लोरिक ॲसिड घातलं की गर्द निळं, कारण सहा पाण्याचे रेणू जाऊन तिथे चार क्लोराइड बसतात. मधल्या प्रमाणात ॲसिड घालून जांभळटसर सोल्युशन बनवलं तर आणखी मजा येते, गरम पाण्यात ट्यूब धरा निळी होते, बर्फात धरा गुलाबी होते, आणि कितीही वेळा करा. पूर्वी सिलिका जेलच्या पुड्यांमधले निळे दाणे दमट हवेत गुलाबी व्हायचे ते यामुळेच. आता कोबाल्ट क्लोराइड आरोग्याला धोक्याचं म्हणून नारिंगी दाण्यांच्या पुड्या जास्त दिसतात. फिकट कोबाल्ट सोल्युशनने कागदावर लिहायचं, वाळल्यावर काही दिसत नाही, इस्त्री फिरवली की निळी अक्षरं. गुप्त शाई म्हणून हा प्रकार फार जुना आहे.

पण कोबाल्टची खरी गोष्ट आहे ती अमोनियाबरोबरची, आणि ती मला केमिस्ट्रीतल्या सगळ्या गोष्टींमध्ये सगळ्यात जास्त आवडते, कारण त्यात माणसांनी जवळजवळ नुसत्या डोळ्यांनी आणि काचेच्या भांड्यांनी रेणूचा आकार शोधून काढलाय. एकोणिसाव्या शतकात कोबाल्ट, अमोनिया आणि क्लोरीन यांची बरीच संयुगं लोकांनी बनवून ठेवली होती. घटक तेच, प्रमाण थोडं इकडेतिकडे, आणि रंग मात्र पिवळा, जांभळट लाल, गुलाबी, हिरवा. आतमध्ये कोण कुणाला कसं जोडलंय हे कुणालाच कळत नव्हतं, मग फ्रान्समधल्या फ्रेमीने 1852 मध्ये सरळ रंगावरूनच लॅटिन-ग्रीक नावं ठेवली, ल्युटिओ म्हणजे पिवळं, पर्पुरिओ म्हणजे जांभळट लाल, रोझिओ, प्रेसिओ. (नाव ठेवायला दुसरं काही नसलं की माणूस रंगावर येतो, आपल्याकडे गाईगुरांचंही तेच.) कोपनहेगनचा योर्गेनसेन आयुष्यभर ही संयुगं अतिशय निगुतीने बनवत राहिला आणि त्याने एक साखळीची थिअरी लावून धरली, अमोनियाचे रेणू एकामागोमाग एक असे धातूला लटकलेले.

मग आला आल्फ्रेड वेर्नर. जन्म 1866, आल्सासमधला मुलूझ, काम झुरिकमध्ये. 1893 मध्ये त्याने जो पेपर लिहिला तेव्हा तो सव्वीस वर्षांचा होता आणि या संयुगांवर त्याने स्वतः प्रयोग असे जवळपास केलेच नव्हते, योर्गेनसेन वगैरेंची माहिती वाचून त्याने वेगळं चित्र मांडलं. असं सांगतात की रात्री दोनला जाग आली, उत्तर डोक्यात तयार होतं आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत तो लिहीत बसला. चित्र असं की कोबाल्ट मध्ये, त्याच्या भोवती सहा जागा, वर एक, खाली एक, चार बाजूंना चार, आणि या सहा जागांवर जो बसला तो घट्ट बसला, बाहेर आहेत ते क्लोराइड मोकळे. हे तपासायचं कसं? सिल्व्हर नायट्रेट टाकून. मोकळं क्लोराइड लगेच पांढरा साका देतं, आत बसलेलं देत नाही. पिवळ्या ल्युटिओमध्ये सहा जागांवर सहा अमोनिया, तिन्ही क्लोराइड बाहेर, तिन्ही सापडतात. पर्पुरिओमध्ये पाच अमोनिया आणि एक क्लोराइड आत, म्हणून दोनच सापडतात. हिरव्या प्रेसिओमध्ये चार अमोनिया, दोन क्लोराइड आत, एकच सापडतं. रंग बदलतोय आणि साक्याचा हिशोबही बरोबर त्याच पायरीने बदलतोय.

यात खरा डाव पुढे आहे. सहा जागांचा आकार वेर्नर म्हणतो तसाच असेल तर चार अमोनिया आणि दोन क्लोराइडवाल्या संयुगाचे दोन प्रकार निघायला पाहिजेत, एक ज्यात दोन क्लोराइड समोरासमोर आहेत आणि दुसरा ज्यात ते शेजारीशेजारी आहेत. समोरासमोरचा म्हणजे तो हिरवा प्रेसिओ. शेजारीशेजारचा कुणी पाहिलाच नव्हता. अमोनियाच्या जागी एथिलीनडायअमाइन हा दुसरा रेणू असलेल्या संयुगांत हिरवं आणि जांभळं अशी जोडी माहीत होती, पण योर्गेनसेनचं म्हणणं की ती जोडी या दुसऱ्या रेणूमुळे आहे, साध्या अमोनियाची दाखवा. तर चौदा वर्षांनी, 1907 मध्ये, वेर्नरने ते संयुग बनवलं, आणि ते जांभळं निघालं. फॉर्म्युला तोच, एकही अणू कमी-जास्त नाही, फक्त शेजारी बदलून बसलेत आणि हिरव्याचं जांभळं झालं. योर्गेनसेनने विरोध सोडला, आणि मला हे विशेष वाटतं, कारण म्हातारपणी, आयुष्यभराचं काम मोडीत निघत असताना समोरच्याचं बरोबर आहे हे मान्य करणारे लोक विज्ञानातही फार नसतात. 1913 मध्ये वेर्नरला नोबेल मिळालं. एक्स-रे वापरून क्रिस्टलच्या आतली रचना बघण्याचं तंत्र तेव्हा नुकतं सुरू होत होतं, म्हणजे वेर्नरने अणूंच्या जागा ठरवल्या त्या कुणीही त्या "बघण्याच्या" आधी.

पण एक गंमत आहे. वेर्नरला आकार कळला तरी रंग का बदलतो ते कळलेलं नव्हतं, कळणं शक्यच नव्हतं, इलेक्ट्रॉन आत काय करतात हे कुणालाच नीट माहीत नव्हतं. त्याच्यासाठी रंग हा पुरावा होता. कारणासाठी हान्स बेथे या भौतिकशास्त्रज्ञापर्यंत थांबावं लागलं, 1929 पर्यंत, आणि बेथेलाही सोल्युशनमध्ये रस नव्हता, त्याला स्फटिकातल्या आयनचं गणित हवं होतं. पुढे व्हॅन व्लेकने ते वाढवलं, पण केमिस्ट लोकांनी ते रंगांना नीट लावेपर्यंत आणखी वीस वर्षं गेली. 1951 मध्ये इल्झे आणि हार्टमान यांनी टायटॅनियमच्या जांभळ्या सोल्युशनचा हिशोब मांडला, आणि टायटॅनियम निवडायचं कारण सरळ आहे, त्या आयनमध्ये रंगाला कारण होणारा डी-इलेक्ट्रॉन एकच, म्हणजे गोंधळ कमीत कमी.

तर कारण काय. या धातूंच्या बाहेरच्या भागात पाच डी-ऑर्बिटल, म्हणजे इलेक्ट्रॉन राहायच्या जागा, असतात, आयन एकटा असेल तेव्हा पाचांची एनर्जी सारखी. आता सहा बाजूंनी सहा रेणू येऊन बसले, त्यांचे इलेक्ट्रॉन आत तोंड करून. पाचपैकी दोन ऑर्बिटल बरोबर त्यांच्या दिशेला आहेत आणि तीन त्यांच्या मधल्या फटींमध्ये. लोकलमध्ये दारात उभ्या असलेल्याला प्रत्येक स्टेशनवर चढणाऱ्यांचा धक्का बसतो आणि आत दोन सीटच्या मध्ये घुसलेला त्यामानाने निवांत असतो, तसं त्या दोघांची एनर्जी वर जाते आणि तिघांची खाली राहते. मध्ये एनर्जीची जी फट पडते ती नेमकी दिसणाऱ्या प्रकाशाच्या एनर्जीएवढी. खालचा इलेक्ट्रॉन तेवढाच प्रकाश गिळून वर उडी मारतो, आणि पांढऱ्या उजेडातून तो भाग वजा झाल्यावर जे उरतं ते आपल्या डोळ्यात शिरतं. म्हणजे आपण जो रंग बघतो तो आयनने न घेतलेला, सोडून दिलेला प्रकाश. झिंकमध्ये हे पाचही ऑर्बिटल भरलेले, उडी मारायला जागाच नाही, म्हणून झिंक सल्फेट बिचारं कायम पाण्यासारखं.

फट किती मोठी पडेल हे येऊन बसणाऱ्यावर. जपानच्या त्सुचिदाने 1938 मध्ये ही उतरंड लावली, क्लोराइड खाली, पाणी त्याच्या वर, अमोनिया आणखी वर, सायनाइड पार शेंड्याला. आता कॉपरकडे परत या. मी क्यूसी (क्वालिटी कंट्रोल) लॅबमध्ये काम करते, तिथे रंग डोळ्याने बघायचा प्रश्नच फारसा येत नाही, क्युव्हेट, म्हणजे सोल्युशनची छोटी पारदर्शक नळी, मशीनच्या आत ठेवायची, झाकण लावायचं, स्क्रीनवर कुठला प्रकाश किती खाल्ला याचा कर्व्ह येतो. पाण्यातल्या कॉपरचा कर्व्ह बघितला तर त्याचं शिखर 800 नॅनोमीटरच्या आसपास आहे, म्हणजे डोळ्याला दिसतच नाही अशा भागात! दिसणाऱ्या भागात येते ती त्याची नुसती शेपटी, ती लाल रंग थोडाथोडा खाते आणि म्हणून ते आभाळी निळं. अमोनिया घातला की फट वाढते, शिखर सरकून 600 च्या जवळ येतं, बरोबर नारिंगी रंगावर, आणि आता खाणं जोरात चालू होतं म्हणून तो शाईसारखा गडद निळा-जांभळा. प्रॅक्टिकलमध्ये आम्ही ते "डीप ब्लू" एवढंच लिहायचो. डोळ्याला जो नुसता गडदपणा वाटतो तो खरं म्हणजे एका शिखराचा दोनशे नॅनोमीटरचा प्रवास आहे, हे मशीनवर बघितल्याशिवाय माझ्या तरी नीट मनात बसलं नव्हतं, म्हणून मशीनला मी फार नावं ठेवत नाही.

सगळेच रंग असे नसतात मात्र. मँगनीज घ्या. मँगनीज सल्फेटचं सोल्युशन इतकं फिकट गुलाबी की पांढरा कागद मागे धरल्याशिवाय दिसत नाही, आणि पोटॅशियम परमँगनेटचा एक बारीक कण बादलीभर पाणी रंगवतो. आकड्यात सांगायचं तर परमँगनेटची मोलर ॲब्सॉर्प्टिव्हिटी (प्रकाश किती जोरात खातो त्याचं माप) 525 नॅनोमीटरच्या आसपास 2400 च्या घरात, आणि साध्या मँगनीज आयनची 0.05 सुद्धा नाही. साध्या मँगनीजमध्ये पाच इलेक्ट्रॉन पाच ऑर्बिटलमध्ये एकेकटे बसलेत, सगळ्यांचा स्पिन (इलेक्ट्रॉनची स्वतःभोवतीची गिरकी समजा) एकाच दिशेला, कुणी उडी मारायची तर स्पिन उलटा करावा लागतो आणि क्वांटम मेकॅनिक्समध्ये त्याला मनाई आहे, म्हणजे अगदी क्वचित घडतं. परमँगनेटमध्ये तर मँगनीजकडे डी-इलेक्ट्रॉन एकही नाही, तिथे उडी मारतो तो ऑक्सिजनचा इलेक्ट्रॉन, थेट मँगनीजवर, आणि या उडीला कसलीच आडकाठी नाही. डायक्रोमेटचा केशरी रंगही याच जातीचा.

परमँगनेटची टायट्रेशन ज्यांनी केलीय त्यांना ते आठवत असेल, ऑक्झॅलिक ॲसिड गरम करून घ्यायचं, ब्युरेटमध्ये एवढा गडद रंग की मेनिस्कसची, म्हणजे नळीतल्या वाकलेल्या पातळीची, खालची कड दिसत नाही म्हणून वरची वाचायची, आणि पहिले काही थेंब जांभळेच राहतात, जाता जात नाहीत, माणूस घाबरतो की काहीतरी चुकलं, आणि मग एकदम पटापट उडायला लागतात कारण तयार झालेला मँगनीज आयन स्वतःच रिॲक्शनला वेग देतो. पूर्वी पटकीच्या साथीत विहिरीत टाकायचे ते हेच, आणि अंनिसचे कार्यकर्ते "मंत्राने" होम पेटवून दाखवतात त्यात खाली हीच पावडर असते आणि वरून सोडलेलं तूप म्हणजे ग्लिसरीन.

आणि लॅबच्या बाहेर हे सगळं सगळ्यात जास्त कुठे दिसत असेल तर ते बागेत. कोकणात पावसाळ्याच्या तोंडाला सुपारीवर कोळेरोग येऊ नये म्हणून बोर्डो मिश्रण मारतात, नाशिककडे द्राक्षावर मारतात. एक टक्क्याचं करायचं तर एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना, शंभर लिटर पाणी. दोन्ही वेगवेगळ्या भांड्यांत भिजवायचं, भांडं लोखंडाचं घ्यायचं नाही, आणि मोरचुदाचं पाणी चुन्याच्या पाण्यात ओतत ढवळत राहायचं. स्वच्छ निळं पाणी आणि पांढरं चुन्याचं पाणी मिळून आभाळी रंगाचं दाट मिश्रण होतं, कारण कॉपर आता पाण्यात मोकळा राहिलेला नसतो, हायड्रॉक्साइडच्या बारीक कणांमध्ये अडकलेला असतो आणि पानावरून हळूहळू सुटत राहतो. मोकळा कॉपर जास्त झाला तर बुरशीबरोबर पानंही जळतात. मग तो राहिलाय का हे बघायला पीएच पेपर नसेल तर लोखंडी विळा किंवा खिळा मिश्रणात बुडवून थोडा वेळ धरतात, त्यावर तांबूस थर चढला तर मोकळं कॉपर शिल्लक आहे, अजून चुना घाला. लोखंड विरघळतं, तांबं बाहेर पडतं, आणि निर्णय परत डोळ्यानेच. आमच्या क्यूसीच्या कितीतरी टेस्टपेक्षा मला ही विळ्याची टेस्ट जास्त पटते, तिला कॅलिब्रेशन लागत नाही.

हे मिश्रण मुळात फ्रान्समधल्या बोर्दोचं. तिथले द्राक्षवाले रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद-चुना शिंपडायचे, येणाऱ्याजाणाऱ्यांनी द्राक्षं तोडू नयेत म्हणून, पानं विषारी निळी दिसली की हात लावायची छाती होत नाही. 1882 च्या सुमाराला मियार्दे नावाच्या वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकाच्या लक्षात आलं की सगळीकडे केवडा रोगाने पानं गळतायत आणि रस्त्याकडेची तेवढी टिकलीयत. 1885 मध्ये त्याने कृती छापली. चोरांना घाबरवायला मारलेला रंग होता तो.

व्हॅनेडियमबद्दल खरं तर वेगळं लिहायला हवं, झिंक घालून ठेवलं की पिवळं, निळं, हिरवं आणि शेवटी जांभळं असे चार रंग एकाच फ्लास्कमध्ये क्रमाने होतात. मेक्सिकोत 1801 मध्ये देल रिओला हा धातू सापडला तेव्हा रंग बघून त्याने पॅनक्रोमियम नाव ठेवलं होतं, मग कुणीतरी त्याला हे तर क्रोमियम आहे असं पटवलं आणि त्याने दावा सोडून दिला. सेफस्ट्रोमला 1830 मध्ये तो परत सापडला आणि स्कँडिनेव्हियन देवीच्या नावावरून व्हॅनेडियम झाला. आणि क्रोमियमचं म्हणाल तर माणिक लाल आणि पाचू हिरवा, दोन्हींत रंग आणणारा आयन एकच, थोडासा क्रोमियम, शेजार वेगळा. ज्योतिषी लोक एकाला सूर्याचा आणि दुसऱ्याला बुधाचा करून टाकतात.

भाच्याला मात्र मी शेवटी निकेल-कोबाल्ट सोडून फेरिकचं, म्हणजे फेरसपेक्षा जास्त चार्जच्या लोखंडाचं, सांगितलं, कारण त्याच्या तक्त्यात फेरिकपुढे "पिवळा-तपकिरी" लिहिलंय आणि तो रंग फेरिकचा नाहीच. सहा पाण्याच्या रेणूंमधला फेरिक आयन जवळजवळ बिनरंगी असतो, अगदी फिकट जांभळी झाक. फेरिक अलमचे स्फटिक बघितले तर ती झाक दिसते. पण फेरिकचा चार्ज इतका जास्त की तो शेजारच्या पाण्यातून प्रोटॉन हाकलून देतो, पाण्याच्या जागी हायड्रॉक्साइड उरतं, आणि बाटलीतला तो ओळखीचा पिवळा रंग त्या हायड्रॉक्साइडवाल्याचा. खरं-खोटं करायचं तर फेरिक नायट्रेटच्या पिवळ्या सोल्युशनमध्ये नायट्रिक ॲसिड घालत जा, प्रोटॉन परत जागेवर बसतात आणि पिवळा उतरत जातो. हायड्रोक्लोरिक घालायचं नाही, क्लोराइड आत जाऊन बसतं आणि उलट जास्त पिवळं होतं. त्याने सगळं ऐकून घेतलं, मग विचारलं की सर प्रॅक्टिकलला बिनरंगी लिहिलेलं चालवतील का. मी म्हटलं, नाही चालवणार, पण नायट्रिकची बाटली तिथेच रॅकवर असते, सरांना विचारून दोन मिली घाल आणि त्यांनाही दाखव.